आर १५ आणि आण्णांची वही

२००९ च्या दसऱ्याला मी यामाहाची आर १५ घरी आणली. निळी. आईनं ओवाळलं, चाकाखाली लिंबं ठेवली, आणि आण्णांनी कपाटातून एक जाड पुठ्ठ्याची वही काढून माझ्या हातात दिली. आण्णा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ते एकतीस वर्षं टर्नर होते. लेथवर काय काम झालं, कुठलं टूल कधी बदललं, ते सगळं अशाच वह्यांत लिहून ठेवायचे. पहिलं पान त्यांनीच भरलं: 'दि. २८/९/२००९. मीटर ४ कि.मी. टाकी फुल. हवा पुढे-मागे तपासली.'

मला तेव्हा त्या वहीत काही रस नव्हता. मी चोवीस वर्षांचा, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला नुकताच लागलेला. मला हवी होती ती आरपीएमच्या मीटरवरची लाल पट्टी. आर १५ भारतात येऊन तेव्हा वर्षच झालं होतं. दीडशे सीसीच्या गाडीत कूलंटवर थंड होणारं इंजिन, चार व्हॉल्व्ह, सहा गिअर, फ्युएल इंजेक्शन, सगळं एका ठिकाणी असलेली गाडी आमच्या गल्लीत कुणी पाहिली नव्हती. सतरा पीएस ताकद, तीही साडेआठ हजार आरपीएमला. म्हणजे खाली गाडी शांत, आणि काटा सहा हजारांवर गेला की तिचा स्वभावच बदलतो. सकाळी लवकर उठून गगनबावड्यापर्यंत जायचं, भुईबावडा घाटातली वळणं घ्यायची आणि नऊच्या आत परत. पहिली दोन वर्षं मी गाडी चालवली, सांभाळली नाही. वहीही तेच सांगते. त्या दोन वर्षांची जेमतेम दीड पानं आहेत.

त्याची किंमत पहिल्यांदा चेननं वसूल केली. सतरा हजार किलोमीटरवरच चेन सेट गेला. पुढच्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला झुकून आकड्यासारखे झाले होते. आण्णांनी ते स्प्रॉकेट हातात घेतलं, दातावरून अंगठा फिरवला आणि एवढंच म्हणाले, "याला तेल कधी दाखवलंस?" मी गप्प. त्या रविवारी त्यांनी मला चेन कशी बघायची ते शिकवलं. ढिलाई एकाच जागी मोजून चालत नाही. चेन सगळीकडं सारखी झिजत नाही, म्हणून चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी बघायचं, आणि जिथं सगळ्यात घट्ट असेल तिथलं माप पुस्तिकेप्रमाणं ठेवायचं. सैल जागा धरून ताणली तर घट्ट जागा पुढच्या बेअरिंगवर ओढ देते. रॉकेलनं धुवायची, पुसायची, आणि नव्वद नंबरचं गिअर ऑइल ब्रशनं आतल्या बाजूनं लावायचं, कारण फिरताना ते आपोआप बाहेर जातं. मागच्या डिस्कवर प्लॅस्टिकची पिशवी चढवायची. हे शेवटचं मी एकदा विसरलो आणि ताराराणी चौकात सिग्नलला मागचा ब्रेक नुसताच दाबला गेला. पुढच्या ब्रेकवर थांबलो. तेव्हापासून आधी पिशवी, मग ब्रश.

दुसरा चेन सेट सत्तावीस हजार चालला. तिसरा त्याहून थोडा जास्त. हे आकडे मी आज सांगू शकतो ते वहीमुळं.

२०१३ मध्ये, लग्नाच्या वर्षी, मी मागे १३० चा टायर टाकला. तेव्हा सगळेच टाकायचे. मागून गाडी भारदस्त दिसायची. मूळ टायर १०० चा, आणि तो उभ्या गाडीला बारीक वाटतो हे खरं. पण या पहिल्या मॉडेलची रिम अरुंद आहे. तिच्यावर १३० चा टायर बसवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग उभट होतो. पन्हाळ्याच्या चढावर पहिल्याच वळणाला कळलं की गाडी आडवी करायला आता हाताला जोर लावावा लागतोय. पिकअपही जड झाला. आठ महिने मी स्वतःची समजूत घालत राहिलो, मग परत १०० चाच टाकला. घाट पुन्हा घाटासारखा वाटायला लागला. ज्या माणसांनी ही गाडी घडवली त्यांनी चाकापासून चॅसिसपर्यंत एकाला दुसरं मोजून जुळवलंय, आणि त्यातली एक वस्तू दिसण्यासाठी बदलली की बाकीच्या सगळ्या बिघडतात, असं माझं ठाम मत आहे. सायलेन्सर, हँडल, आरसे, माझ्या गाडीवर सगळं मूळचं आहे.

चाळीस हजारांच्या आसपास एका गॅरेजात ऑइल बदलायला दिलं होतं. गडबडीचा दिवस होता, मी थांबलो नाही. पुढच्या वेळी घरी ऑइल काढायला बसलो तर खालचा ड्रेन बोल्ट फिरतोय पण सुटत नाही. ओढून काढला तर त्याच्या आट्यांवर चांदीसारखा अॅल्युमिनियमचा चुरा गुंडाळून आलेला. कुणीतरी लांब पाना घालून अंगातला सगळा जोर लावला होता. बोल्ट पोलादाचा, इंजिनची केस अॅल्युमिनियमची. आटे गेले ते केसचे.

केस बदलायची तर अख्खं इंजिन खोलावं लागलं असतं. आण्णा म्हणाले, "थांब, हेलिकॉइल बसवू." हेलिकॉइल म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची स्प्रिंग. गाडी ढकलत उद्यमनगरात त्यांच्या जुन्या सोबत्याच्या शेडमध्ये नेली. सत्तरीला टेकलेल्या आण्णांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि जमिनीवर पोतं अंथरून गाडीखाली आडवे झाले. आधी थोडं मोठं भोक पाडलं, अगदी सावकाश, हातात ड्रिल सरळ आहे की नाही हे मला दोन बाजूंनी बघायला सांगून. मग आटे पाडायचा टॅप घेतला. त्याच्या खाचांत बोटानं ग्रीस भरलं, म्हणजे निघणारा चुरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो, इंजिनात पडत नाही. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. दर तीन फेऱ्यांनी टॅप बाहेर काढायचा, पुसायचा, नवं ग्रीस भरायचं. शेवटी तारेची ती स्प्रिंग आत फिरवत नेली आणि तिची खालची शेपटी मोडून काढून घेतली. नंतर वरून अर्धा लिटर स्वस्तातलं ऑइल ओतून ते खालून वाहू दिलं, फडक्यावर गाळून चुरा उरला का ते पाहिलं. दीड तास गेला. बोल्ट बसवताना त्यांनी मला विचारलं, "घट्ट कर म्हणतात, पण घट्ट म्हणजे किती?" कंपनीत रोज मापं घेणारा मी, मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात टॉर्क रेंच, म्हणजे किती घट्ट केलं ते मोजणारा पाना, विकत घेतला. गाडीच्या सगळ्या वस्तूंत माझा सगळ्यात चांगला खर्च तो. त्या हेलिकॉइलमधून अजून एक थेंब गळालेला नाही.

तेव्हापासून ऑइल मीच बदलतो, दर तीन हजारांना. पुस्तिकेतलं अंतर यापेक्षा जास्त आहे, पण माझा अर्धा प्रवास गावातल्या गर्दीतला. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनवर फीलर गेजनं बघतो. कूलंट दोन वर्षांनी, तयार मिश्रणाचंच. एकदा कुणीतरी रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घातलं होतं आणि झाकण उघडल्यावर आत पांढरा थर दिसला, तेव्हापासून त्या झाकणाला मी दुसऱ्याला हात लावू देत नाही. कोनसेट, म्हणजे हँडलचे बेअरिंग, तीनदा बदललाय. त्याचं दुखणं ओळखायचं सोपं आहे: पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवायचं, मधोमध 'टक्' करून अडकलं की समजायचं.

मग २०१९ चा ऑगस्ट आला.

आम्ही तेव्हा शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ राहत होतो. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट. नदी चढली की जयंती नाल्यातून पाणी गल्लीच्या तोंडाशी येतं आणि उतरतं. त्या वर्षी ते थांबेना. गाडी मी पार्किंगमधल्या सगळ्यात उंच ओट्यावर चढवून ठेवली, वर ताडपत्री बांधली आणि आई-आण्णांना, बायको-पोरीला घेऊन राजारामपुरीत मावशीकडं गेलो. नदी ५५ फुटांच्या वर गेली. हायवे शिरोलीजवळ बंद. सहा दिवस आम्ही खिडकीतून पाऊस बघत होतो. घराची काळजी होतीच, आणि तिच्या आडून मला गाडीची होती. माणसांचे संसार वाहून गेले असताना गाडीचं नाव काढायचंही अवघड वाटायचं, म्हणून मी कुणाशी बोललो नाही. आण्णांना कळलं होतं. रात्री म्हणाले, "पाणी उतरलं की किल्ली लावू नकोस. आधी मी येतो."

सातव्या दिवशी गेलो. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या छातीपर्यंत. गाडी ओट्यावर उभीच होती, पण सीटवर गाळाचा बोटभर थर. मीटरच्या काचेच्या आत अर्ध्यापर्यंत चहाच्या रंगाचं पाणी. मी ताडपत्रीचा तुकडा हातात धरून नुसता उभा राहिलो.

आमचे मिस्त्री आले तेव्हा त्यांच्या दारात आधीच चाळीसेक गाड्या रांगेत होत्या. त्यातल्या कित्येक लोकांनी चालू होते का बघायला स्टार्टर मारला होता. "दादा, तुम्ही स्टार्टर मारला न्हाई न्हवं?" हाच त्यांचा पहिला प्रश्न. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा मोकळा झाला. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर पाणी दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. शिवाय नदीचं पाणी म्हणजे गाळ, आणि गाळ म्हणजे पॉलिश पेपर.

आमच्या गाडीत याहून मोठी भीती होती. जुन्या गाडीचा सिलिंडर ओरखडला की बोअर करून मोठा पिस्टन टाकतात. आर १५ चा सिलिंडर डायासिल म्हणतात त्या प्रकारचा आहे. आत बिडाचा स्लीव्ह नाही, सगळा अॅल्युमिनियमचाच, वीस टक्के सिलिकॉन घातलेला. त्या सिलिकॉनच्या कठीण कणांवरून पिस्टन घसरतो. तो बोअर करता येत नाही. ओरखडा पडला की सिलिंडर बदलायचा. आण्णांना हे मी गाडी घेतली तेव्हाच सांगितलं होतं आणि ते कितीतरी वेळ गप्प बसले होते, मग म्हणाले होते, "वीस टक्के सिलिकॉन घालून ओतायचं म्हणजे चेष्टा न्हवे." फाउंड्र्यांच्या गावातल्या माणसाची ती दाद होती.

पहिल्यांदा बॅटरी काढली. मग फेअरिंग. त्याचे स्क्रू चार लांबीचे असतात आणि चुकीच्या जागी लांब स्क्रू गेला तर प्लॅस्टिक फुटतं, म्हणून अंड्यांच्या ट्रेमध्ये एकेका खड्ड्यात एकेक स्क्रू, वर पेननं नाव. सायलेन्सर काढून उभा धरला, दीड-दोन तांबे गढूळ पाणी आलं. ड्रेन बोल्ट उघडल्यावर आधी स्वच्छ पाणी आलं, मग साईच्या चहासारखं दाट काहीतरी. आण्णा खुर्ची टाकून बसले होते. ते खाली वाकले, त्या चहात दोन बोटं बुडवून एकमेकांवर चोळली, डोळे मिटून. "बारीक आहे," म्हणाले, "पण रेती न्हाई."

स्पार्क प्लग काढून त्या भोकातून थोडं ऑइल सोडलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी सहाव्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं फिरवायचं होतं. मिस्त्री चाकाशी, मी कान इंजिनला लावून. चाक जड गेलं, मग फिरलं. प्लगच्या भोकातून पाण्याचा तुषार उडाला, दुसऱ्या फेऱ्याला कमी, पाचव्याला नुसती हवा. खरखर नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी फडक्यानं पुसलं आणि गालाला ऑइल लागलं.

त्यानंतरचे तीन आठवडे चिकाटीचे होते. पेट्रोलची टाकी रिकामी करून दोनदा धुतली, पंप बाहेर काढून साफ केला. एअर फिल्टर नवा. वायरिंगचा प्रत्येक कनेक्टर उघडून स्प्रे मारून वाळवला, इसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, काढून बायकोच्या हेअर ड्रायरनं लांबून थंड हवा देत ठेवला. स्टार्टर मोटर खोलली. दोन्ही चाकांचे बेअरिंग, कोनसेट, ब्रेक ऑइल सगळं नवं. मागच्या स्विंगआर्मच्या पिनाला गंज धरायला लागला होता, तो घासून ग्रीस भरलं. सिलिंडरचं कॉम्प्रेशन मिस्त्रींनी गेज लावून पाहिलं, ठीक होतं. इन्शुरन्स माझा तेव्हा नुसता थर्ड पार्टी होता, त्यामुळं एकोणीस हजार चारशे रुपये खिशातून गेले. ती चूक माझी. तेव्हापासून पुराचा समावेश असलेली पॉलिसी घेतो.

तेविसाव्या दिवशी संध्याकाळी किल्ली फिरवली. पंपाचा 'झुंई' असा आवाज आला, दोन सेकंद, आणि थांबला. हा आवाज मी दहा वर्षं रोज ऐकला होता आणि कधी ऐकला नव्हता. स्टार्टर दाबला, चौथ्या वेळेला इंजिन धरलं. पांढरा धूर, सायलेन्सरातून पाणी, मग हळूहळू आयडलिंगचा तो ओळखीचा ठेका. दोन मिनिटं चालवून बंद केली, ऑइल काढलं. परत नवं. परत दोन मिनिटं. तिसऱ्या वेळेला ऑइल ऑइलसारखं निघालं. गल्लीतले लोक चिखलातले संसार धूत होते, आवाज ऐकून दोघं-चौघं आले. शेजारच्या काकूंनी हातातला झाडू खाली ठेवून गाडीवरून बोटं मोडली.

मीटर मात्र गेलं. नवं बसवलं तेव्हा ते शून्यापासून सुरू झालं. गाडी त्या दिवशी एकाहत्तर हजार सहाशे चाळीसवर होती, हे आता जगात फक्त आण्णांच्या वहीत आहे. तिथून पुढं प्रत्येक नोंदीत मी दोन आकडे लिहितो, मीटरचा आणि खरा.

२०२१ च्या जुलैत नदी पुन्हा तशीच चढली. या वेळी पहिल्या इशाऱ्यालाच गाडी राजारामपुरीत नेऊन ठेवली. पुढच्या वर्षी आम्ही घरही उंचावर बदललं.

आता मी चाळिशीत आहे. या गाडीवर पुढं वाकून बसावं लागतं, आणि पुण्यापर्यंत एका दमात जाणारी माझी मनगटं आता कराडला थांबा मागतात. सगळे म्हणतात हँडल उंच करून घे. मी केलं नाही. पोट आणि मांड्यांनी टाकी धरली की वजन मनगटांवर येत नाही, हे मी पस्तिशीनंतर शिकलो, चोविसाव्या वर्षीच शिकायला हवं होतं. लांबचे प्रवास कमी केलेत. घरच्यांसाठी स्कूटर आहे. ही गाडी कामाला आणि महिन्यातून एका पहाटे गगनबावड्याला. उभी राहून गाडी जास्त खराब होते, म्हणून पावसाळ्यातही आठवड्याला दोन-तीन फेऱ्या होतात. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळं टाकीत पेट्रोल फार दिवस साठवत नाही, आणि पेट्रोलची रबरी नळी दर पावसाळ्याआधी वाकवून, बारीक चिरा आहेत का ते बघतो. गेल्या मे मध्ये दिसल्या, बदलली.

२०२४ च्या दसऱ्याआधी नोंदणीची पंधरा वर्षं संपत होती. पाच वर्षांसाठी नूतनीकरण करायचं म्हणजे आरटीओत गाडी दाखवावी लागते. तेव्हा दुचाकीची फी हजार रुपये होती, वर पर्यावरण कर दोन हजार, पीयूसी, विमा. अर्जावर चॅसिस नंबरचा पेन्सिलचा छापही लावायचा असतो. नंबर हँडलखाली हेडपाइपवर कोरलेला. पुराच्या गंजानं आणि पाच वर्षांच्या धुळीनं तो असा बुजला होता की शेवटचे दोन आकडे वाचता येईनात. मी पॉलिश पेपर हातात घेतला. आण्णा आतून बघत होते. आता त्यांचा हात थरथरतो, पाना धरवत नाही. पण आवाज तसाच. "पॉलिश पेपर नको, अक्षरं जातील. पितळी ब्रश आन, आणि रॉकेल."

पितळ मऊ, त्यानं लोखंड खरवडत नाही, गंज तेवढा निघतो. वीस मिनिटं मी हळूहळू घासत राहिलो. एकेक अक्षर वर आलं. मग पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून फिरवली. राखाडी रंगात सगळे सतरा आकडे-अक्षरं पांढरी उमटली. एक छाप अर्जाला लावला. दुसरा आण्णांनी मागून घेतला, वहीच्या त्या पानावर खळीनं चिकटवला आणि खाली वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, 'खरे १,०३,२१५. नंबर वाचता येतो.'